सात दिवसांची गोळी

मला राग लवकर येतो हे महाडात सगळ्यांना माहीत आहे. बाहेरच्या बाकावर बसलेले पेशंट आत यायच्या आधी एकमेकांना विचारतात, "बाईंचा आज मूड कसा हाय?" सत्तावीस वर्षं प्रॅक्टिस केलीस, त्यातली निम्मी ओरडण्यात गेली, असं नवरा म्हणतो. खोटं नाही ते. पण त्या वर्षी कार्तिकात जो राग आला तो अजून उतरलेला नाही, आणि तो उतरू नये असंच मला वाटतं.

काम तसं सरळ होतं. गावोगावच्या उपकेंद्रांवरच्या नर्सना शिकवायचं, की म्हाताऱ्या माणसांच्या नको असलेल्या गोळ्या ओळखायच्या कशा आणि त्या जपून कमी करायच्या कशा. 'जपून' हे महत्त्वाचं. गोळी सुरू करायला अर्धं मिनिट पुरतं, सोडवायला दोन-दोन महिने लागतात. तालुक्यात जुनी फिजिशियन मीच, म्हणून मला बोलावलं. महिन्यातले दोन शनिवार, चवदार तळ्याच्या बाजूच्या एका हॉलमध्ये, महाड नि पोलादपूरच्या मिळून बावीस जणी. शिकवायला वरून छापील पानं आली होती. त्यात सगळ्या पायऱ्या होत्या. गोळ्यांची यादी करा, प्रत्येक गोळीचं कारण शोधा, एका वेळी एकच कमी करा, लक्ष ठेवा. एक पायरी तेवढी नव्हती. ज्या डॉक्टरने गोळी लिहिली, त्याला नर्सने कोणत्या तोंडाने सांगायचं, याबद्दल त्या पानांत अवाक्षर नव्हतं.

पहिल्या शनिवारी मी सांगितलं, पुढच्या वेळी येताना प्रत्येकीने आपल्या गावातली एक चिठ्ठी आणायची. डॉक्टरची चिठ्ठी, जिच्यावर आजही गोळ्या चालू आहेत अशी. बावीस जणींनी आणल्या. टेबलावर ठेवल्या तर खडखड वाजल्या. कागद असा वाजत नाही. बघते तर चार-पाच सोडून सगळ्या लॅमिनेशन केलेल्या! डिस्चार्ज कार्ड काय, दवाखान्याची चिठ्ठी काय, एक तर चक्क अरबी अक्षरांतली, कुवेतला मुलाकडे राहून आलेल्या बापाची. सगळ्यांवर चकचकीत प्लास्टिक.

मी म्हटलं, हा काय प्रकार आहे? तर एकीने सांगितलं, "मॅडम, पुरानंतर सगळे असंच करतात." आणि मला एकदम आठवलं. पुराच्या वर्षी महाडात घराघरांतून लोकांचे कागद गेले. आधार, रेशनकार्ड, सातबारा, शाळेचे दाखले, सगळा चिखल झाला. नवे कागद काढता काढता लोकांच्या टाचा झिजल्या. तेव्हापासून कोर्टाच्या बाजूच्या झेरॉक्सवाल्यांकडे लॅमिनेशनला रांग असते, आणि वरच्या वाड्यांतून बाजाराला उतरणारा माणूसही हातात येईल तो महत्त्वाचा कागद प्लास्टिकमध्ये घालून नेतो. डॉक्टरची चिठ्ठी महत्त्वाचीच की! आधार कार्डासारखी तीही जन्माची झाली. त्यावर कोणी काट मारू शकत नाही, तारीख कोणी बघत नाही. दुकानात दाखवली की गोळ्या मिळतात. पाच दिवसांचं औषध चार-चार वर्षं चाललंय. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

मी वरचीच एक चिठ्ठी उचलली आणि सुरू झाले. "ही बघा. चक्करीची गोळी, दिवसातून दोनदा. किती दिवस? लिहिलेलंच नाही! ही गोळी म्हाताऱ्या माणसाला महिनोनमहिने दिली तर काय होतं माहीत आहे? हात थरथरतात, अंग आखडतं, चेहरा लाकडासारखा होतो. कंपवात झाला असं वाटतं. मग दुसरा शहाणा त्या कंपाची गोळी देतो. तिने डोकं भ्रमतं. मग तिसरा झोपेची देतो. तिने म्हातारं माणूस पडतं. रोगापेक्षा इलाज भयंकर! कोण हा डॉक्टर? याला विचारलं पाहिजे की बाबा रे, तू..."

आणि मी खाली सही बघितली. सही माझी होती.

अक्षरही माझंच. लॅमिनेशन करणाऱ्याने उजवी कड सरळ कापली होती, आणि त्या कडेला मी नेहमी लिहिते ते 'सात दिवस' कापून गेलं होतं. चक्करीला मी सात दिवसांपेक्षा जास्त कधीच देत नाही. हे मला माहीत आहे, पण त्या कागदाला माहीत नव्हतं. समोर बावीस पोरी बसलेल्या. मी काय केलं असेल? सहीवर अंगठा ठेवला. तो तसाच दाबून धरून पुढची दहा मिनिटं 'अशा डॉक्टरांवर' बोलत राहिले. हे लिहिताना आजही कान तापतात.

मग विचारलं, "आता सांगा, तुमच्या गावात अशी चिठ्ठी असेल तर काय कराल?" सगळ्या गप्प. मी अजून चिडले. शेवटी बिरवाडीकडची एक धीर करून म्हणाली, "मॅडम, डॉक्टरांच्या गोळीला आम्ही हात लावायचा नसतो." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी ओरडले, "मग मी इथे कशाला घसा फोडतेय?" त्या पोरी खाली बघायला लागल्या. त्यांचं काय चुकलं होतं? नोकरीच्या पहिल्या दिवसापासून आम्हीच त्यांना हे शिकवलं, आणि आता आम्हीच विचारतोय की हात का लावत नाही.

चहाच्या सुट्टीत एक जण माझ्याजवळ आली. लातूरकडची पोरगी, पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका उपकेंद्रावर दोन वर्षांपासून. म्हणाली, "मॅडम, ते कार्ड परत देता का? ज्या म्हातारीचं आहे तिला न्यायचंय. त्याच्याशिवाय दुकानदार गोळ्या देत नाही." मी कार्ड दिलं. ती तशीच उभी.

"काय गं?"

"सही कुणाची आहे ते मी वाचलं होतं, मॅडम. म्हणूनच आणलं की."

कानाखाली वाजवावी तसं झालं. तिने मोबाइल काढला आणि एक फोटो दाखवला. माझ्याच लेटरहेडचा, पहिल्या चिठ्ठीनंतर दोन वर्षांनी म्हातारी खोकल्यासाठी पुन्हा माझ्याकडे आली होती तेव्हाचा. खोकल्याचं औषध, आणि खाली माझ्या हातचं, 'आधीच्या गोळ्या चालू ठेवा'. कोणत्या गोळ्या, का, कधीपासून, काही विचारलं नव्हतं. बाहेर पन्नास पेशंट बसले असतील, मी मान वरही केली नसेल.

"हिचं काय झालंय आता?" मी विचारलं.

तिने सांगितलं ते असं. म्हातारी पंचाहत्तरीची, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, दोन मुलगे मुंबईला. घरात एकटी, एक म्हैस, थोडी नाचणी, परसात भाजी. चक्करीची गोळी खाऊन हात थरथरायला लागला. मुलाने मुंबईला नेऊन दाखवलं, तिथे कंपवात ठरवून कंपाची गोळी दिली. तिने डोकं भरकटायला लागलं, झोप उडाली, मग झोपेची गोळी. गेल्या दोन महिन्यांत तीन वेळा पडली. मी हॉलमध्ये तावातावाने सांगितलेली सगळी गोष्ट त्या बाईवर जशीच्या तशी घडली होती. आणि मुलांनी आता ठरवलं होतं की शिमग्याला गावी येऊ तेव्हा बघू. गावदेवीची पालखी अंगणात येते तेव्हा घरची थोरली बाई, तिकडे विधवा असली तरी, देवीची ओटी भरते. आईला ओटी नीट भरता आली, हात थांबला, तर राहू दे तिला घरी. नाहीतर घराला कुलूप आणि आई मुंबईला.

"आणि तिला काय हवंय?"

"तिला काय हवं असणार, मॅडम," नर्स म्हणाली. "ती म्हणते, मला ह्या घरातून काढायचं असेल तर आडवीच काढा."

कार्तिक ते फाल्गुन, चार महिने होते. गोळ्यांनी आलेला कंप गोळी थांबली की बहुतेक वेळा जातो, पण त्याला महिने लागतात. हिशोब बसत होता. मी म्हटलं, गुरुवारी येते.

गुरुवारी दवाखाना बंद ठेवून गेले. पोलादपूर सोडून घाटाच्या अंगाला वळलं की रस्ता वर चढत जातो, पुढे डांबर संपतं. नर्स मला खाली फाट्यावर भेटली. म्हातारी घराच्या ओटीवर, पुढच्या पडवीत बसली होती. मला बघून तिला आनंद झाला हे तिच्या चेहऱ्यावर दिसेना, कारण चेहरा हलतच नव्हता. पण आवाज खणखणीत.

"ये गो बाय, ये. डाक्टरीणबाय माझ्या घरी आली! बस. चाय ठेवते."

मी म्हटलं, "मावशी, चहा राहू दे. हात बघू."

"हात? हात हाय की जागेवर. जरा हलतो, एवढंच." आणि स्वतःच हसली. हसली म्हणजे आवाज आला, ओठ तसेच. मग माळ्याकडे बोट करून मला हळूच म्हणाली, "वर पोरं बसतात गो. सहा-सात हायत. बोलत नाय काय, नुसती बघतात. मी त्यांना भाकरी ठेवते."

मी नर्सकडे बघितलं. कंपाच्या गोळीने हे होतं. भलत्या वेळी भलतं दिसतं. सुनेने हे ऐकलं तेव्हाच मुंबईला नेण्याची गोष्ट निघाली होती.

देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला ते कार्ड टांगलेलं. भोक पाडून दोरा ओवलेला. खाली डब्यात गोळ्या, सकाळच्या वेगळ्या, संध्याकाळच्या वेगळ्या, एकही चुकलेली नाही. एवढा नेम माझे शिकलेले पेशंट पाळत नाहीत. माझा पारा असा चढला की तो डबा उचलला आणि नर्सला म्हटलं, "हे सगळं आजपासून बंद. फेकून दे!"

नर्सने डबा माझ्या हातातून काढून घेतला. अगदी शांतपणे. "मॅडम, तुम्हीच शिकवलंय की. एका वेळी एक. झोपेची एकदम सोडली तर फिट येऊ शकते म्हणालात ना तुम्ही?"

म्हणाले होते. पंधरा दिवसांपूर्वी, फळ्यावर लिहून. माझंच शिकवलेलं मला ऐकवत होती ती, आणि बरोबर ऐकवत होती. आम्ही ओटीवर बसून ठरवलं. आधी चक्करीची बंद, कारण मूळ ती. मग कंपाची थोडी थोडी कमी. मग झोपेची, पाव पाव करून. दर आठवड्याला नर्स येऊन बघणार, हात, चालणं, ब्लड प्रेशर. म्हातारीला समजावलं. ती म्हणाली, "तू म्हनतेस तर सोडते. पन मग कार्डावरचं काय?" मी म्हटलं, कार्ड विसरा. ती कार्डाकडे बघत राहिली.

निघताना नर्स म्हणाली, "मॅडम, एक करा. तुमच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून द्या. ही गोळी सात दिवसांची होती, आता बंद, असं. खाली सही."

मी म्हटलं, "देते. पाठवून देते उद्या."

उद्या नाही पाठवलं. परवाही नाही. लिहायला बसले होते एकदा. 'ही गोळी मी दिली होती' एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. पुढे काय लिहायचं? 'आणि तिच्यामुळेच कंप झाला'? लेखी? सत्तावीस वर्षांचं नाव, एक भाचा वकील, तो नेहमी सांगतो, मामी, तोंडी काहीही बोल, कागदावर देऊ नकोस. नर्सने दोनदा फोन केला. दोन्ही वेळा मी म्हटलं, करते गं, इतकी घाई काय आहे? त्या दिवसांत मी मुंबईच्या त्या डॉक्टरला मनातल्या मनात किती शिव्या दिल्या! हा म्हणे मोठा डॉक्टर, कंप बघून आधीच्या गोळ्या विचारायची अक्कल नाही! दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात, ते खोटं नाही.

दहा दिवसांनी थोरल्या मुलाला कळलं. आईने फोनवर सांगितलं असणार, कौतुकाने. त्याने नर्सला फोन लावला. ती मला नंतर शब्द न् शब्द सांगत होती. "सिस्टर, आईच्या गोळ्या बंद करणाऱ्या तुम्ही कोण? आमच्याकडे महाडच्या एमडी डॉक्टरांची सही असलेला कागद आहे. तुमच्याकडे कोणाची सही आहे?"

माझीच सही माझ्यावर उलटली. नर्सकडे माझे तोंडी शब्द होते, मुलाकडे माझा कागद. तोंडी शब्दाला कोण विचारतं? त्याने गावच्या एका माणसाबरोबर गोळ्यांची पाकिटं पाठवली, शेजारणीला बजावलं की आईला रोज समोर बसून द्यायच्या, आणि वर नर्सची लेखी तक्रार केली. म्हातारीने बिचारीने पुन्हा सुरू केल्या. कार्डावर होतं ना.

आणि मी? मला हे कळलं तेव्हा मी त्या मुलावर भडकले. काय शिकलेले लोक हे, मुंबईला राहून अक्कल येत नाही, वगैरे. त्याचा नंबर मात्र मागून घेतला नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, तेवढंच.

असे पाच आठवडे गेले. पाच. मी मोजलेत.

मग एका शनिवारी ती नर्स हॉलमध्ये आली नाही. चौकशी केली तर म्हणे तिच्या वरच्या साहेबांनी खुलासा मागवलाय, अधिकार नसताना डॉक्टरांचं औषध बंद केलं म्हणून. लेखी उत्तर द्यायचं, समोर हजर राहायचं. माझ्या बरोबरीचा एक डॉक्टर तिथेच चहा पीत होता. तो म्हणाला, "जाऊ द्या हो मॅडम. एका नर्सचा खुलासा, त्यात काय एवढं? देईल माफीनामा."

काय झालं मला सांगता येत नाही. चहाचा कप त्याच्या समोर आपटला मी, बशी फुटली. "चोर सोडून संन्याशाला फाशी! माफीनामा कसला? तिने माझं ऐकलं, माझी चूक निस्तरली, आणि माफी तिने मागायची?" बाकीच्या एकवीस जणी बघत होत्या. मी म्हटलं, "ऐका गं सगळ्या. त्या दिवशी मी जी चिठ्ठी हातात घेऊन बडबडत होते ना, ती माझी होती. सहीवर अंगठा ठेवला होता मी. आता लिहून घ्या वह्यांत."

कोणी लिहून घेतलं नाही. एक जण मात्र उठून फुटलेली बशी गोळा करायला लागली.

मी त्याच टेबलावर लेटरहेड काढलं आणि लिहिलं. ही गोळी मी दिली. सात दिवसांसाठी दिली. नंतर न तपासता चालू ठेवायला सांगितली, ती माझी चूक. कंप याच गोळीने झाला असावा. ती बंद करायला सिस्टरना मी सांगितलं. सही, शिक्का, तारीख. मग ते घेऊन त्या साहेबांपुढे जाऊन बसले. ते वाचून त्यांनी चष्मा काढला. "मॅडम, असं कोणी लिहून देतं का?" मी म्हटलं, "द्यायला पाहिजे होतं पाच आठवड्यांपूर्वी. आता त्या पोरीचा खुलासा फाडा माझ्यासमोर." फाडला नाही, पण फाइल बंद केली. मुलालाही मी फोन केला. पहिल्यांदाच. त्याने विचारलं, "म्हणजे मॅडम, आईला कंपवात नाहीच?" मी म्हटलं, बहुतेक नाही. तो म्हणाला, "मग आम्ही दोन वर्षं काय देत होतो तिला?" पण मुलगा वाईट नव्हता. म्हणाला, ठीक आहे, शिमग्यापर्यंत बघू.

चक्करीची गोळी पुन्हा बंद झाली ती पौषात. नर्सने त्यानंतर जे केलं ते मी कोणत्याही वर्गात शिकवू शकले नसते. दर मंगळवारी वर जायची. झोपेच्या गोळीचे पाव पाव तुकडे नवीन ब्लेडने करून कागदात बांधून ठेवायची, तिची वेळ यायच्या आधीच. शेजारणीला पटवलं. म्हातारीला रोज दोरीवर कपडे वाळत घालायला लावायची, हात किती वर जातो ते बघायला. माघात कंपाची गोळी अर्ध्यावर आली आणि एका मंगळवारी म्हातारीनेच सांगितलं, "पोरं गेली गो माळ्यावरची. दोन दिस झाले, नाय दिसली. भाकरी तशीच राहिली." जरा वाईट वाटलं होतं तिला. सवय झाली होती.

पडणं थांबलं. चेहरा सैल झाला, हसली की हसू दिसायला लागलं. हात मात्र हट्टी. कमी झाला, थांबला नाही. नर्स मला दर आठवड्याला विचारायची, "अजून किती दिवस, मॅडम?" मी म्हणायचे, अजून महिना, सव्वा महिना. आम्ही दोघी कॅलेंडरकडे बघायचो. मधले पाच आठवडे दोघींनाही दिसायचे, पण ती कधी बोलली नाही. मला वाटायचं बोलावं, मला शिव्या द्याव्यात. बोलली असती तर मी तरी भांडले असते.

शिमग्याला मी गेले नाही, ती गेली. पालखी अंगणात आली. मुंबईचे दोघे मुलगे, सुना, नातवंडं, सगळं घर भरलेलं. म्हातारी ठेवणीतलं लुगडं नेसून, ताट घेऊन पुढे झाली. नारळ ठेवला व्यवस्थित. खण ठेवला. मग तांदूळ. नर्स म्हणाली, "मॅडम, पहिली ओंजळ बरोबर पडली. दुसरीला हात हलला. तांदूळ खाली सांडले, देवीच्या पुढ्यात. ढोल वाजत होते, कुणाला कळलंही नसतं. पण थोरली सून शेजारीच होती, तिने आजींचं मनगट धरलं. मुलाने बघितलं." पालखी पुढच्या घरी गेली. संध्याकाळी म्हैस भावकीत देऊन टाकायचं ठरलं. तिसऱ्या दिवशी पोलादपूरहून सुटणाऱ्या बसमध्ये म्हातारीला बसवलं.

मी मुलाला फोन केला. ओरडले. अजून महिना थांबा म्हटलं, हात थांबेल, लिहून देते. तो म्हणाला, "मॅडम, कामावर रजा संपली. आणि तुमच्या लिहून देण्याचं..."

ज्येष्ठात, शनिवारचा वर्ग संपल्यावर, नर्सच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल आला. नालासोपाऱ्याहून. नातीने लावून दिला होता. चौथा मजला, खिडकीला जाळी, मागे टीव्ही चालू. म्हातारी पुढे सरकून बसलेली, डोळे लख्ख. झोपेची गोळीही आता पावावर आली होती, मुंबईत सुनेने नर्सच्या सांगण्याप्रमाणे नीट चालवली होती.

"डाक्टरीणबाय हाय काय तिथं? दाव मला."

मी समोर झाले. तिने काठोकाठ भरलेलं पाण्याचं भांडं उचललं आणि हात लांब करून धरलं. धरूनच राहिली. थेंब सांडला नाही.

"बघितलंस? थांबला हात. पोरगा बोलला होता, हात थांबला तर घरी राव. आता थांबला. सांग त्याला."

मुलाने बाजूने फोन घेतला. "मॅडम, खरंच बरी झाली हो, उपकार आहेत तुमचे. पण आता तिकडे कोण आहे? म्हैस नाही, काही नाही. इथे आमच्या डोळ्यांसमोर असते." मागून तिचा आवाज, "काय म्हनते डाक्टरीण? दे इकडं."

फोन परत तिच्याकडे गेला. सगळ्यांना सांगून झालं होतं माझं. बावीस नर्सना, त्या साहेबांना, मुलाला, नवऱ्याला. हिला एकटीलाच सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "मावशी, तुमचा हात म्हातारपणाने हलत नव्हता. माझ्या गोळीने हलत होता. सात दिवसांची गोळी होती, मी तुम्हाला सांगितलंच नाही. नंतर सिस्टरने ते लिहून द्यायला सांगितलं, त्यातही मी वेळ घालवला. माझी चूक झाली. कळलं का?"

मला वाटलं आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुझी गोळी होती म्हनून तर मी एक दिस चुकवली नाय गो," ती म्हणाली. मग भांडं खाली ठेवलं आणि विचारलं, "मग मी घरी कधी येऊ?"